‘फीबल-माइंडेड’ : एका विशेषणाची कुळकथा

व्याकरणाच्या पहिल्या पुस्तकांत आपण मुलांना सांगतों कीं, नामाविषयीं अधिक माहिती देणारा शब्द तो विशेषण. नाम हा धनी आणि विशेषण हा त्याचा चाकर. चाकर बदलला तरी धनी तोच राहतो. ‘आजारी मुलगा’ उद्यां ‘बरा मुलगा’ होतो, ‘लहान मुलगा’ चार वर्षांनीं ‘मोठा मुलगा’ होतो. मुलगा मात्र तोच. हा नियम इतका साधा आहे कीं, तो मोडला तर काय अनर्थ ओढवेल याचा विचार वर्गांत कोणी करीत नाहीं. आज ज्या इंग्रजी विशेषणाची हकीकत मी सांगणार आहें त्यानें हा नियम मोडला. तें आपल्या विशेष्याला गिळून बसलें. आणि त्या एका शब्दाच्या बळावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशांनीं लाखों माणसांचें स्वातंत्र्य व संतानसुख, आणि अखेर हजारों जणांचे प्राणहि हिरावून घेतले. तो शब्द म्हणजे ‘फीबल-माइंडेड’.

कोशांत पाहिलें तर या शब्दाचा अर्थ दुर्बल बुद्धीचा, मंदमति असा मिळतो. परंतु हा अर्थ मूळचा नव्हे. ‘फीबल’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला आणि त्याचें मूळ लॅटिनमधील ‘फ्लेबिलिस’ या शब्दांत आहे. ‘फ्लेबिलिस’ म्हणजे ज्याच्यासाठीं अश्रु ढाळावेत असा. म्हणजे या शब्दाच्या पोटीं प्रथम करुणा होती, तिरस्कार नव्हता. दुसरा अवयव ‘माइंड’. येथें आपली भाषा इंग्रजीहून अधिक सावध आहे. आपण मन वेगळें मानतों आणि बुद्धि वेगळी मानतों. समर्थांनीं श्लोक लिहिले ते मनाला उद्देशून. बुद्धीला उद्देशून नव्हेत. भित्र्या माणसाचें मन दुर्बल असतें, पण त्याची बुद्धि तीव्र असूं शकते. आणि हिशेबांत कच्चा असलेला गडी मनानें वाघ असूं शकतो. इंग्रजींतील ‘माइंड’ या एकाच शब्दांत हीं दोन्ही सामावलेलीं आहेत. त्यामुळें ‘फीबल-माइंडेड’ हें विशेषण मनावरून बुद्धीवर केव्हां घसरलें हें सामान्य वाचकाच्या ध्यानांतहि आलें नसावें.

तें प्रथम मनाचेंच विशेषण होतें याला भक्कम पुरावा आहे. इ. स. १६११ मध्यें इंग्लंडच्या राजाज्ञेनें बायबलाचें जें प्रसिद्ध भाषांतर झालें, त्यांत थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रांत हा शब्द येतो. फीबल-माइंडेड लोकांना धीर द्या, असा तेथील उपदेश आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लहान जिवाचा’, म्हणजे ज्याचा धीर सुटला आहे असा. मतिमंदाला धीर द्या असें पौलाला म्हणावयाचें नव्हतें. खचलेल्याला सांवरा, एवढेंच त्याचें सांगणें होतें. पुढें १८८१ सालीं नव्या कराराचें सुधारलेलें भाषांतर निघालें तेव्हां तेथील हा शब्द काढून ‘खचलेल्या मनाचे’ या अर्थाचा दुसरा शब्द घालण्यांत आला. तोंवर जुन्या शब्दानें आपलें घर बदललें होतें.

दुसरा पुरावा जॉन बन्यनचा. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचें ‘यात्रिकक्रमण’ हें मराठी रूपांतर हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं केलें हें मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. या कथेचा दुसरा भाग बन्यननें १६८४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ‘मिस्टर फीबल-माइंड’ नांवाचा एक यात्रेकरू आहे. हा गृहस्थ मूर्ख नाहीं. तो भित्रा आहे, प्रकृतीनें अशक्त आहे, इतरांच्या हसण्याखिदळण्यानेंहि बावरतो. राक्षसाच्या तावडींतून सुटल्यावर तो कुबड्या घेऊन चालणाऱ्या दुसऱ्या एका यात्रेकरूच्या सोबतीनें वाट चालूं लागतो, आणि पुढें चालणारे लोक त्या दोघांसाठीं आपली चाल मंद करतात. शेवटीं नदीपलीकडे जाण्याची वेळ येते तेव्हां तो आपलें दुर्बल मन मागेंच टाकून जातो, कारण जेथें जावयाचें तेथें त्याचें काम नाहीं. माणूस वेगळा आणि त्याचें दौर्बल्य वेगळें; दौर्बल्य उतरवून ठेवतां येतें, माणूस पुढें जातो. विशेषण आपल्या जागीं असल्याचें याहून चांगलें उदाहरण मला सांगतां येणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या कथेला नवें वळण लागलें, आणि तें वळण चांगलें होतें. १८०० सालीं फ्रान्समधील आवेरों प्रांतांत रानांत वाढलेला एक मुलगा सांपडला. त्याला बोलतां येत नव्हतें. पॅरिस येथील इतार नांवाच्या तरुण डॉक्टरानें त्याला शिकविण्याचा पत्कर घेतला. मुलगा बोलूं लागला नाहीं, परंतु कांहीं अक्षरें ओळखूं लागला, माया करूं लागला. इतारचा शिष्य सेगँ यानें ही विद्या पुढें नेली, १८४६ सालीं तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि नंतर तो अमेरिकेंत गेला. तेथें बोस्टन शहरीं सॅम्युएल ग्रिड्ली हाउ यांनीं १८४८ सालीं अशा मुलांसाठीं शाळा काढली. हाउ हे अंधांच्या शिक्षणासाठीं आधींच नांवाजलेले होते. मुलांना शिकवावें, अंगचीं कामें स्वतः करतां येतील असें तयार करावें, आणि घरीं परत पाठवावें, असा त्यांचा हेतु होता.

या शाळांना आपल्या मुलांसाठीं शब्द हवा होता. तेव्हां चालू असलेले ‘इडियट’ आणि ‘इंबेसाइल’ हे दोन्ही शब्द शिव्या होऊन बसले होते. वास्तविक ग्रीक भाषेंत ‘इडियट’ म्हणजे सार्वजनिक कारभारांत भाग न घेणारा खाजगी माणूस. त्यांत वेडेपणाचा वासहि नव्हता. शब्दांचीं नशिबें अशीं फिरतात. त्या मानानें ‘फीबल-माइंडेड’ हा शब्द मऊ वाटला आणि दयाळू लोकांनीं तो उचलला. आपल्या कथेंतील खेदाची गोष्ट हीच कीं, पुढें ज्या शब्दानें इतका घात केला तो शब्द प्रथम कोणाचें मन दुखूं नये म्हणून निवडला होता.

इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला गेला आणि १८८० सालीं तें सक्तीचें झालें. शेतावर किंवा घरकामांत ज्याचें उणें कोणाच्या डोळ्यांवर येत नसे असें मूल आतां बाकावर येऊन बसलें, आणि तीन वर्षें त्याच इयत्तेंत राहिलें म्हणजे सर्वांच्या नजरेंत भरूं लागलें. चाळीस वर्षें खडू-फळ्याशीं संबंध आलेला माणूस म्हणून मी इतकें सांगूं शकतों कीं, इयत्ता ही अशी चाळण आहे कीं तिच्या छिद्रांचा आकार ठरविणारे लोक चाळणीच्या बाहेर असतात. १८९२ सालीं लंडन व लेस्टर येथें अशा मुलांसाठीं वेगळे वर्ग निघाले. इथवर सर्व ठीक होतें.

परंतु त्याच सुमारास एक नवें शास्त्र डोकें वर काढीत होतें. फ्रान्सिस गॉल्टन यांनीं १८८३ सालीं ‘युजेनिक्स’ हा शब्द घडविला. जनावरांची अवलाद सुधारतात तशी माणसांचीहि सुधारावी, असा त्याचा आशय. दारिद्र्य, दारूबाजी, गुन्हेगारी, अनीति या सर्वांचें मूळ रक्तांत आहे, आणि तें रक्त दुर्बल बुद्धीच्या लोकांकडून पसरतें, असें विद्वान लोक बोलूं लागले. १९०४ सालीं ब्रिटिश सरकारनें या लोकांच्या ‘संगोपन व नियंत्रणा’साठीं एक शाही कमिशन नेमलें. कमिशनचा अहवाल १९०८ सालीं आला. त्यांत फीबल-माइंडेड माणसाची व्याख्या अशी कीं, अनुकूल परिस्थितींत जो पोट भरूं शकतो, परंतु जन्मतः किंवा बाळपणापासून असलेल्या मानसिक उणीवेमुळें जो बरोबरीच्या माणसांशीं समान पातळीवर स्पर्धा करूं शकत नाहीं, किंवा सामान्य शहाणपणानें आपला व्यवहार सांभाळूं शकत नाहीं. ही व्याख्या शांतपणें ऐकली तर आपल्या ओळखीचे किती लोक तींत बसतील याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा!

१९१३ सालीं या शिफारशींवरून कायदा झाला. त्यांत उणीव असलेल्या माणसांचे चार वर्ग केले : इडियट, इंबेसाइल, फीबल-माइंडेड आणि नैतिक इंबेसाइल. सार्वजनिक मदतीवर असतांना जिला लग्नाबाहेरचें मूल झालें अशा स्त्रीला बुद्धीच्या उणीवेचा शिक्का मारून संस्थेंत डांबण्याची सोयहि त्यांत होती. येथें व्याकरणाचा मुद्दा येतो. इंग्रजींत विशेषणामागें ‘द’ हें उपपद लावलें कीं विशेष्याची गरज उरत नाहीं. ‘द पुअर’ म्हटलें कीं सारे गरीब लोक आले. कमिशनच्या नांवांतच ‘द फीबल-माइंडेड’ असें होतें. त्यांत ‘मुलें’ नाहींत, ‘माणसें’ नाहींत, ‘मुली’ नाहींत. आहे तें फक्त विशेषण. मराठींतहि आपण ‘आंधळा’, ‘बहिरा’ असें म्हणतोंच; तो केवळ इंग्रजांचा दोष नव्हे. परंतु बोलण्यांतील ही सोय कायद्यांत शिरली म्हणजे ती सोय राहत नाहीं, कोंडवाडा होते.

या कायद्याला विरोध करणारे थोडे होते, पण होते. जोसाया वेजवुड नांवाच्या सभासदानें पार्लमेंटांत उपसूचनांचा पाऊस पाडून विधेयक अडवून धरण्याची शिकस्त केली. गुन्हा नसतांना, मुदत नसतांना, केवळ कोणा तज्ज्ञाच्या मतावरून माणसाला कोंडणें हें इंग्रजी स्वातंत्र्याला शोभत नाहीं, असें त्याचें म्हणणें. चेस्टर्टन यांनीं १९२२ सालीं युजेनिक्सविरुद्ध एक पुस्तकच लिहिलें. त्यांत या विधेयकाला ते थट्टेनें ‘फीबल-माइंडेड बिल’ म्हणतात, आणि हें वर्णन विधेयकालाच अगदीं तंतोतंत लागू पडतें अशी पुस्ती जोडतात. विशेषण कोणाकडे वळवावें हें त्या एका विनोदांत आलें. कायदा मात्र टिकला, आणि १९५९ च्या नव्या कायद्यानें तो जाईपर्यंत इंग्लंडांतील हजारों स्त्री-पुरुषांचीं वर्षेंच्या वर्षें संस्थांच्या भिंतीआड गेलीं.

आतां फ्रान्सकडे वळूं. कारण या विशेषणाला आंकडा तेथें मिळाला. ज्या वर्षीं लंडनांत कमिशन नेमलें गेलें त्याच १९०४ सालीं फ्रेंच सरकारनेंहि एक समिति नेमली. सामान्य वर्गांत मागें पडणारीं मुलें ओळखावीत कशीं, हा तिच्यापुढील प्रश्न होता. समितींतील आल्फ्रेड बिने यांनीं सायमन या तरुण डॉक्टराच्या मदतीनें १९०५ सालीं तीस कसोट्यांची मालिका तयार केली. चित्रांतील वस्तूंचीं नांवें सांगणें, ऐकलेले आंकडे पुन्हां म्हणणें, दोन रेघांतील लांब कोणती तें सांगणें, असे साधे प्रश्न त्यांत होते. १९०८ सालीं त्यांनीं वयाप्रमाणें प्रश्नांची विभागणी केली. बिने यांचा हेतु मदतीचा होता. बुद्धि ही ठराविक मापाची वस्तु आहे व ती वाढत नाहीं, या मताचा त्यांनीं १९०९ मधील आपल्या ग्रंथांत कडाडून निषेध केला. मागें पडलेल्या मुलांसाठीं त्यांनीं लक्ष देण्याचे व्यायाम सुचविले; पुतळ्याप्रमाणें निश्चल उभें राहण्याचा खेळहि त्यांत होता. १९११ सालीं बिने वारले आणि त्यांची पट्टी दुसऱ्यांच्या हातीं गेली.

ती उचलणारे गृहस्थ हेन्री गॉडर्ड. न्यू जर्सी संस्थानांतील व्हाइनलंड येथील शाळेंत ते संशोधनाचे प्रमुख होते. अमेरिकेंत ‘फीबल-माइंडेड’ हा शब्द सर्व वर्गांना मिळून वापरीत, तर इंग्लंडांत तो फक्त वरच्या वर्गाला लावीत. हा घोटाळा मिटावा म्हणून १९१० सालीं गॉडर्ड यांनीं ग्रीक भाषेंतून ‘मोरॉन’ हा नवा शब्द बनविला. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत तो इडियट, तीन ते सात इंबेसाइल, आठ ते बारा मोरॉन. त्यांतील मोरॉन हा सर्वांत धोक्याचा, कारण तो दिसावयास चारचौघांसारखाच असतो, असें ते म्हणत. १९१२ सालीं त्यांनीं एका कुटुंबाचा इतिहास लिहिला आणि त्या कुटुंबाला ‘कॅलिकाक’ असें बनावट नांव दिलें; ग्रीक भाषेंतील ‘चांगला’ व ‘वाईट’ या शब्दांची ती सांगड आहे. एका शिपायाच्या दोन घरोब्यांपैकीं एकाची संतति सज्जन, दुसऱ्याची मतिमंद, असा त्याचा सारांश. मेलेल्या माणसांची बुद्धि मापली कशी? तर त्यांच्याविषयीं शेजारीपाजारी सांगत त्या ऐकीव गोष्टींवरून!

अमेरिकेच्या परदेशीय प्रवेशाच्या कायद्यानें १९०७ सालापासून फीबल-माइंडेड माणसांना बंदी केली होती. १९१३ सालीं गॉडर्ड यांच्या मदतनीस न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर गेल्या. आगबोटीच्या सर्वांत स्वस्त दर्जानें समुद्र ओलांडून आलेले, थकलेले, भाषा न जाणणारे प्रवासी. त्यांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले. ज्यू, हंगेरियन, इटालियन व रशियन अशा ज्या लहान लहान गटांची परीक्षा घेतली, त्यांत शेंकडा ८० च्या आसपास लोक फीबल-माइंडेड ठरले! आंकडा इतका अचाट आला कीं, खुद्द गॉडर्ड यांनाच कांहीं प्रश्न गाळून तो खालीं आणावा लागला. आपल्या वर्गांतील शंभरांपैकीं ऐंशीं मुलें नापास झालीं तर शहाणा मास्तर प्रथम आपली प्रश्नपत्रिका तपासतो. पुढें पहिल्या महायुद्धांत सुमारें १७ लाख अमेरिकन शिपायांची परीक्षा झाली आणि गोऱ्या शिपायांचें सरासरी मानसिक वय तेरा वर्षें निघालें. तेव्हां १९२२ सालीं वॉल्टर लिपमन या पत्रकारानें सरळ प्रश्न केला कीं, प्रौढ माणसांची सरासरी बुद्धि प्रौढ माणसांच्या सरासरीहून कमी असेल तरी कशी?

पण तोंवर शब्द दवाखान्यांत शिरला होता. १९०७ सालीं इंडियाना संस्थानानें अशा लोकांना शस्त्रक्रियेनें निःसंतान करण्याचा पहिला कायदा केला. १९२४ सालीं व्हर्जिनियानें केला. हा कायदा न्यायालयांत टिकतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कॅरी बक या अठरा वर्षांच्या मुलीची निवड झाली. तिची आई आधींच संस्थेंत होती. कॅरी लहानपणापासून परक्या घरीं वाढलेली, सहावी इयत्ता पार केलेली. त्या घरच्या एका नातलगानें तिच्यावर बलात्कार केला, तिला दिवस गेले, आणि घरच्यांनीं तिला फीबल-माइंडेड ठरवून संस्थेंत पाठविलें. तिची मुलगी व्हिव्हियन सात महिन्यांची असतां, हें मूल कांहीं ठीक दिसत नाहीं, अशी साक्ष एका समाजसेविकेनें दिली. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं निकाल दिला. न्यायमूर्ति होम्स यांनीं देवीच्या सक्तीच्या लसीचा दाखला देऊन शस्त्रक्रिया मान्य केली. एक बारीक गोष्ट पाहा. निकालाच्या आरंभीं ते कॅरीला ‘फीबल-माइंडेड’ म्हणतात, आणि तिच्या तीन पिढ्यांविषयीं शेवटीं जो शेरा मारतात त्यांत तोच शब्द ‘इंबेसाइल’ होतो. शास्त्राने एवढ्या कष्टानें केलेले वर्ग दोन-तीन पानांत न्यायमूर्तींच्या हातून एक झाले. कारण खरा वर्ग एकच होता : नकोशी माणसें.

त्या तिसऱ्या पिढीचें काय झालें? व्हिव्हियन शाळेंत गेली, चांगल्या रीतीनें पास होत राहिली, आणि १९३१ सालीं तिचें नांव शाळेच्या गुणवंतांच्या यादींत लागलें. १९३२ सालीं, अवघ्या आठ वर्षांची असतां, ती आजारानें वारली. कॅरीच्या धाकट्या बहिणीवर, डॉरिसवर, तीच शस्त्रक्रिया झाली. तिला सांगितलें होतें कीं आंत्रपुच्छ काढावयाचें आहे. लग्नानंतर मूल कां होत नाहीं हें तिला उतारवयांत कळलें. कॅरी १९८३ पर्यंत जगली. तिला भेटलेल्या लोकांना तिच्यांत बुद्धीची उणीव आढळली नाहीं. अमेरिकेंत एकूण ६० हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनीं २००२ सालीं माफी मागितली.

जर्मन भाषेंत याच अर्थाचा ‘श्वाखझिन’ असा शब्द आहे. १४ जुलै १९३३ रोजीं हिटलरच्या सरकारनें जो वंध्यीकरणाचा कायदा केला, त्यांतील रोगांच्या यादींत ‘जन्मजात श्वाखझिन’ हा पहिला. त्या कायद्याखालीं सुमारें ४ लाख लोक निःसंतान केले गेले. १९३९ सालीं महायुद्ध पेटल्यावर पुढली पायरी आली. संस्थांतील रोगी व मतिमंद माणसें गाड्यांत घालून नेण्यांत आलीं, आणि १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सुमारें ७० हजार माणसें विषारी वायूनें मारलीं गेलीं. ज्याच्यासाठीं अश्रु ढाळावेत, तो. या अर्थाचा शब्द शेवटीं येथें येऊन पोंचला.

गॉडर्ड यांच्याविषयीं न्याय म्हणून सांगितलें पाहिजे कीं, १९२८ सालीं त्यांनीं लेख लिहून आपलें मत बदलल्याचें कबूल केलें. या माणसांना शिक्षणानें सुधारतां येतें, त्यांना कोंडून ठेवण्याची गरज नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. परंतु शब्द बाणासारखा असतो. सोडणाऱ्यानें हात मागें घेतला म्हणून तो थांबत नाहीं.

त्यानंतर शब्दांचें धुणें सुरू झालें. अमेरिकेंतील या विषयाच्या मुख्य मंडळाच्या नांवाची पाटीच पाहावी. १८७६ सालीं तिच्यावर ‘इडियॉटिक’ व ‘फीबल-माइंडेड’ हे दोन्ही शब्द होते. १९०६ सालीं ‘फीबल-माइंडेड’ उरला. १९३३ सालीं ‘मेंटल डेफिशियन्सी’ आली, १९८७ सालीं ‘मेंटल रिटार्डेशन’, आणि २००७ पासून ‘इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी’. २०१० सालीं कायदा करून तेथील मध्यवर्ती सरकारच्या कायद्यांतूनहि ‘रिटार्डेशन’ हा शब्द काढला. दर पिढीला नवा स्वच्छ शब्द लागला, कारण दर पिढीनें जुना मळविला. शब्द बदलणें योग्यच आहे. मळका सदरा बदलूं नये असें कोण म्हणेल? परंतु अंग धुतलें नाहीं तर नवा सदराहि चार दिवसांत मळतो.

आतां आपल्या घराकडे पाहूं. १९१३ चा तो इंग्रजी कायदा हिंदुस्थानांत लागू झाला नाहीं. येथें १९१२ चा ‘लुनसी ॲक्ट’ होता. त्यांत इडियट आणि वेडा यांची एकाच व्याख्येंत मोट बांधली होती, आणि १९८७ सालीं दुसरा कायदा होईपर्यंत ती तशीच राहिली. बिने यांची पट्टी मात्र इकडे लौकर आली. व्ही. व्ही. कामत यांनीं ती मराठी व कानडी मुलांसाठीं परिश्रमानें जुळवून घेतली आणि १९४० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६४ सालीं पुण्यांत ‘कामायनी’ निघाली आणि अशा मुलांना शाळा व काम दोन्ही मिळूं लागलें. २०१६ च्या अपंगविषयक कायद्यांत ‘इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता हा शब्द आला. घरांत आणि कार्यालयांत मात्र ‘मतिमंद’ हाच शब्द रुळला आहे, आणि शाळेच्या आवारांत तर याहून आखूड शब्द चालतो : ‘ढ’. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचें वळण फारसें बदललें नाहीं, म्हणून जो बदलत नाहीं तो ‘ढ’, अशी त्याची उपपत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांत दडलेला समज मात्र गॉडर्ड यांचाच आहे.

आपल्या ‘मंद’ या विशेषणाला चांगली कुळी आहे. मंद वारा सुखावतो, मंद समई देवघर उजळते. रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें स्वतःलाच ‘मंद’ म्हणवून घेतलें. ज्योतिषांत शनीला मंद म्हणतात, कारण सूर्याभोंवतीं एक फेरी घालावयास त्याला सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. पण तो फेरी पुरी करतो. म्हणजे मूळांत मंद हें गतीचें वर्णन आहे, जातीचें नव्हे. तें गतीचें विशेषण राहिलें तर त्यापासून कोणाला इजा नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, घरांत किंवा शाळेंत एखाद्या मुलाविषयीं असा शब्द तोंडीं आला तर वाक्य अर्धें सोडूं नये. तें पुरें करावें. मंद म्हणजे कशांत? गणितांत कीं बोलण्यांत? किती? चार महिन्यांनीं कीं चार वर्षांनीं मागें? कोणाच्या मापानें? आणि त्याला येतें तें काय काय? हे प्रश्न विचारूं लागलें म्हणजे विशेषणाच्या पुढें नाम आपोआप उभें राहतें, आणि त्या नामाला बहुधा एक हांक मारण्याचें नांवहि असतें. कॅरीच्या सुनावणींत तिला काय काय येतें हा प्रश्न नेटानें कोणी विचारला नाहीं. तो विचारला असता तर तिच्या शाळेच्या दप्तरांतच उत्तर मिळालें असतें. कारण तिच्या शेवटच्या इयत्तेच्या मास्तरीणबाईंनीं तिच्या वर्तनाला व अभ्यासाला ‘फार चांगला’ असा शेरा देऊन तिला वरच्या वर्गांत घातलें होतें.